कार्ब्युरेटरमधून पेट्रोल टपकतंय: गळतीचं कारण शोधताना आग कशी टाळायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. चारचाकी ऑफ-रोड एटीव्ही काही महिने उभी होती. आता कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) उघडला की कार्ब्युरेटरखालच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाखालच्या नळीतून पेट्रोल टपकतं. कार्ब्युरेटर एकदा खोलला, स्प्रे मारून साफ केला, तरी गळती थांबली नाही. काम बंद गॅरेजमध्ये चालू आहे आणि तिथेच पाणी तापवायचा गॅस गीझर आहे. आगीची भीती कितपत खरी, आणि पुढे काय करायचं?

भीती पूर्ण खरी आहे. गॅस गीझरचा उल्लेख वाचल्यावर मला गळतीच्या आधी जागेबद्दल बोलायला हवं. कॉक बंद करा, गाडी स्टार्ट न करता ढकलत उघड्यावर न्या आणि इंजिन हात ठेवता येईल इतकं थंड होऊ द्या. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास भरला असेल तर दिव्याचं बटण दाबू नका. पंखा चालू असेल तर तो बंद करायलाही जाऊ नका, कारण बटण दाबताना आणि सोडताना, दोन्ही वेळा आत बारीक ठिणगी पडते. दार उघडा, बाहेर या, गीझरचा गॅस बाहेरून बंद करता येत असेल तर करा आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत पाऊल टाकू नका.

एवढा आग्रह का, ते सांगतो. पेट घेते ती पेट्रोलची वाफ, आणि ती तयार व्हायला ऊन किंवा गरम इंजिन लागत नाही. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलमधून पेटण्याइतकी वाफ सुटते. म्हणजे कितीही थंडी असली तरी ते सुरक्षित होत नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीलगत पसरत जाते आणि खोलगट जागी साचते. तुम्ही गाडीजवळ उभे असता तेव्हा नाकाला वास बेताचाच येतो, पायाशी मात्र थर जमलेला असतो. शिवाय थोड्या वेळाने नाकाला त्या वासाची सवय होते, त्यामुळे ‘आता वास कमी झाला’ या अंदाजावर विसंबू नका.

हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असेल तर ती पेट घेते. पाव लिटर पेट्रोल पूर्ण उडून गेलं, तर तेवढ्यानं साधारण तीन घनमीटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. रात्रभर थेंबथेंब गळलेलं पेट्रोल पाव लिटरच्या पुढे सहज जातं. गीझरची पायलट ज्योत बऱ्याचदा जमिनीपासून फारशी उंच नसते, म्हणजे वाफ जिथे पसरते नेमकी तिथेच ती पेटती असते. वाफेला ज्योत लागली की आग त्याच वाटेनं उलटी धावत गाडीपर्यंत येते. फ्रिज, कॉम्प्रेसरची मोटर, बॅटरी चार्जर, ग्राइंडर, हीट गन, हातातला जुना तारेचा बल्ब, यातल्या कशानेही हेच होऊ शकतं. तारेचा बल्ब हातातून पडून फुटला की आतली तापलेली तार क्षणभर उघडी होते, तेवढं पुरतं. काम करताना बंद बनावटीचा एलईडी दिवा वापरा. वाफ हटवायला घरातला टेबल पंखा लावायची कल्पना सुचेल, ती सोडून द्या. साध्या मोटरीतही ठिणगी पडू शकते, आणि पंखा वाफ त्या मोटरीतूनच ओढतो.

गाडी बाहेर आली. आता पाना हातात घेण्याआधी बॅटरी सोडवा, आधी निगेटिव्ह टर्मिनल. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) टेकला, तर चांगली मोठी ठिणगी पडते. एटीव्हीत बॅटरी बऱ्याचदा सीटखालीच, टाकीपासून हातभर अंतरावर असते. नाणी, किल्ल्या, लायटर खिशातून काढून ठेवा. सुती कपडे घाला. कृत्रिम धाग्याचं कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण कार्ब्युरेटरखाली डोकं घातलं की पहिला थेंब डोळ्यातच पडतो. हातात नायट्राइलचे मोजे असू द्या.

मग कार्ब्युरेटरचा बाउल, म्हणजे खालची पेट्रोल साठणारी वाटी, रिकामी करा. बहुतेक कार्ब्युरेटरच्या बाउलला तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीचं टोक झाकण असलेल्या धातूच्या डब्यात सोडा आणि डबा जमिनीवर ठेवा. कापलेली प्लास्टिकची बाटली घेऊ नका. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युत साचते. जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या डब्यातून ती निघून जायला वाट मिळते, प्लास्टिकमध्ये ती वाट नसते. टाकीतून पेट्रोल काढायचं असेल तर हातपंप वापरा. तोंडानं नळी ओढणं कायमचं विसरा. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर गंभीर इजा होते. चुकून कुणी गिळलंच, तर त्याला उलटी करायला लावू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

आता गळतीकडे येऊ. कार्ब्युरेटरच्या बाउलमधली यंत्रणा पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखी आहे. पेट्रोल वर आलं की फ्लोट (तरंगणारा पोकळ तुकडा) वर उचलला जातो आणि नीडलला (टोकदार झडपेला) तिच्या सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकाच्या कडेवर दाबतो, येणारं पेट्रोल थांबतं. ते थांबलं नाही तर पातळी वाढत जाते आणि पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली पडतं. ही नळी मुद्दाम दिलेली असते. ती नसती तर तेच पेट्रोल इंजिनात आणि एअर फिल्टरच्या डब्यात गेलं असतं. म्हणून टपकणाऱ्या नळीला बूच मारणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. तो केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या ऑइल असणाऱ्या भागात) ऑइलपेक्षा पेट्रोलच जास्त होतं.

स्प्रे मारून तुमची गळती का थांबली नाही? स्प्रेनं जेट (पेट्रोलची बारीक भोकं) आणि वाटा मोकळ्या होतात, झिजलेला भाग मात्र भरून येत नाही. नीडल बाहेर काढा आणि तिचं रबरी टोक उजेडात भिंगाखाली धरा. टोकाभोवती बारीक कंगोरा, गोल खाच दिसली तर ती नीडल गेली. नखानं हलकेच फिरवून पाहा, खाच नखाला लागते. नीडलच्या मागे स्प्रिंगवर बसलेली छोटी पिन असते, ती दाबल्यावर मोकळेपणानं परत यायला हवी. नंतर सीट पाहा. तिथे पेट्रोलचा पिवळट-तपकिरी डिंक किंवा पांढरी भुकटी असेल तर कापसाच्या काडीवर थोडं पितळेचं पॉलिश घेऊन फिरवा आणि नीट धुऊन काढा. पांढरी भुकटी म्हणजे ओलाव्यानं धातू खाल्ला गेलाय. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाड्यांत हे हमखास दिसतं. सीट काढता येणारी असेल तर तिच्याभोवती एक छोटी ओ-रिंग असते. तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. नीडल नवी, सीट चकचकीत, आणि पेट्रोल त्या कडक झालेल्या ओ-रिंगच्या बाजूनं निवांत गळत राहतं.

बाउलमधल्या उभ्या पितळी नळीवरही संशय घ्या. ज्या कार्ब्युरेटरमध्ये ओव्हरफ्लोची नळी बाउलच्या तळातून वर उभी असते, तिथे त्या नळीला केसाएवढी उभी चीर जाऊ शकते. मग पातळी अगदी बरोबर असली तरी चिरेतून पेट्रोल झिरपतं आणि माणूस नीडल बदलत बसतो. तपासणी सोपी आहे. बाउल काढून उघड्यावर सपाट धरा, नळीच्या टोकापेक्षा खालपर्यंत पेट्रोल भरा आणि पाच मिनिटं खालचं तोंड पाहत राहा. थेंब आला तर दोष तिथेच आहे. तुमच्या बाबतीत मी ही तपासणी सगळ्यात आधी करीन, कारण खर्च शून्य आणि उत्तर पक्कं.

फ्लोटही पाहून घ्या. तो कानाशी हलवा, आत पेट्रोल गेलं असेल तर खळखळ ऐकू येते. असा फ्लोट जड होतो आणि नीडलला पूर्ण दाबू शकत नाही. पितळी फ्लोटला झाळून घ्यायचा मोह होतो. आत अडकलेल्या पेट्रोलची वाफ आणि बाहेर सोल्डरिंगची आच, यातून फ्लोट हातातच फुटू शकतो. नवाच घ्या. फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती मोजूनच लावा. अंदाजानं फ्लोटची नीडलला दाबणारी जीभ वाकवू नका, आणि वाकवायची वेळ आलीच तर नीडल सीटवर दाबलेली असताना तर मुळीच नको, तिचं टोक दबतं.

जुळवण्याआधी एक कोरडी चाचणी करा. कार्ब्युरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनानं नीडल बसते. पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून छोट्या हातपंपानं हलका दाब द्या. दाब टिकला तर नीडल आणि सीट ठीक आहेत. कॉम्प्रेसरची हवा इथे लावू नका, त्या दाबानं चांगली नीडलही सुटते आणि राहिलेलं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं.

स्प्रेबद्दलही बोलायला हवं, कारण लोक पेट्रोलला घाबरतात आणि स्प्रेचा डबा बिनधास्त वापरतात. कार्ब क्लीनरमध्ये बहुधा अॅसिटोन, टोल्यूइन अशी द्रावकं असतात आणि डब्यातला दाब बऱ्याचदा प्रोपेन-ब्युटेनसारख्या वायूंचा असतो. म्हणजे अशा डब्यातलं जवळजवळ सगळंच पेटणारं. फवारा मारण्याआधी रबराच्या सगळ्या वस्तू, डायफ्रॅम, ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर त्या फुगतात. बाउलची गॅस्केट फुगून खाचेत बसेनाशी झाली असेल तर ती ताणून कोंबू नका, दिवसभर वाळू द्या, बऱ्याचदा ती मूळ मापावर येते. आली नाही तर बदला. अल्ट्रासोनिक मशीन वापरत असाल तर तिच्या टाकीत पेट्रोल किंवा थिनर कधीच ओतू नका, पाण्यात मिसळायचं क्लीनर घ्या. ‘न पेटणारा’ असं लिहिलेला ब्रेक क्लीनर मिळतो, तो सुरक्षित वाटतो. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असेल आणि त्या जागी नंतर वेल्डिंग केलं किंवा आच दिली, तर फॉस्जीन नावाचा अतिशय विषारी वायू तयार होऊ शकतो.

याच स्प्रेचा सगळ्यात धोकादायक वापर म्हणजे चालू इंजिनवर तो मारून इनटेक रबरातली (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरातली) हवेची गळती शोधणं. खूप अनुभवी हातही हे करतात. इंजिनचा आवाज बदलला की चीर सापडली, हा तर्क बरोबर आहे. पण तापलेला बेंड पाइप (इंजिनातून धूर नेणारा पाइप), स्पार्क प्लगच्या टोपीतून निसटणारी ठिणगी आणि हवेत उडालेलं द्रावक एकत्र आणायचं कारणच काय? साध्या पाण्याचा बारीक फवारा तेच काम करतो. चिरेतून पाणी ओढलं गेलं की आवाज क्षणभर बदलतो. तेवढ्यानं कळलं नाही तर इंजिन बंद करून स्मोक टेस्टर (धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र) लावा.

आता तुमच्या गाडीची दुसरी बाजू. इतके दिवस पेट्रोल गळत होतं तर ते फक्त खालीच पडलं असेल असं धरू नका. ऑइलची पातळी पाहा आणि डिपस्टिकचा वास घ्या. पातळी वाढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन अजिबात सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं हे एक, आणि क्रँककेसमध्ये वाफ कोंडलेली असते हे दुसरं. ऑइल आणि फिल्टर बदलूनच पुढे जा. एअर फिल्टरचा डबाही उघडा. फोमचा फिल्टर पेट्रोलनं भिजलेला असला आणि कार्ब्युरेटरमधून एक बॅकफायर (इंजिनातून उलटी आलेली ज्वाळा) आला, तर आग बसायच्या सीटखालीच लागते. तो फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन लगेच बसवण्याची सवय असेल तर ती सोडा. फिल्टर काढून ठेवून इंजिन चालवून पाहणंही टाळा, कारण बॅकफायरची ज्वाळा अडवण्याचं कामही तोच करतो.

किक खाली जात नसेल, इंजिन अडकल्यासारखं वाटत असेल, तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं असण्याची शक्यता आहे, आणि ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंजिन फिरवताना त्या भोकातून पेट्रोलची पिचकारी उडते. त्याच वेळी मोकळ्या टोपीतून ठिणगी पडत असेल तर पुढचं सांगायला नको. इग्निशन आणि किल स्विच बंद, टोपी भोकापासून लांब नेऊन चॅसीला अर्थ केलेली, भोकावर कापड, स्टार्टरऐवजी किक किंवा दोरी, आणि हे सगळं उघड्यावर.

नीडल कितीही चांगली असली तरी कॉकला कमी लेखू नका. गाडी उभी असताना टाकीतलं पेट्रोल आधी कॉकनं अडवायचं असतं, नीडल ही त्यानंतरची अडवणूक. हाताचा कॉक बंद करून नळी सुटी करा आणि डब्यात धरा. थेंब येत राहिला तर आतला वॉशर गेलाय. काही गाड्यांत कॉक इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतो. त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून थेट इनटेकमध्ये जातं आणि कार्ब्युरेटर निर्दोष असूनही इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल भरतं. ती बारीक नळी काढून पाहा, आत पेट्रोलचा ओलावाही दिसता कामा नये. अशा कॉकवर बऱ्याचदा ‘पीआरआय’ (प्राइम, म्हणजे इंजिन बंद असतानाही पेट्रोल सोडायची जागा) अशी खूण असते. कॉक त्यावर राहिला तर इंजिन बंद असतानाही पेट्रोल वाहत राहतं.

नळ्या बदलताना पेट्रोलसाठी बनवलेलीच नळी घ्या. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते, मग क्लिपपाशी तडकते. प्लास्टिकचा टाय क्लिपचं काम करत नाही. फिरवून आवळायची पट्टी जास्त आवळली तर नळी कापते, छोट्या नळीवर मूळची स्प्रिंग क्लिपच बरी. नळीचा मार्ग बेंड पाइपपासून दूर ठेवा. काचेचा इनलाइन फिल्टर दिसायला छान असतो, पण दगडधोंड्यांत उड्या मारणाऱ्या गाडीत तो मी बसवू देत नाही.

सगळं जुळलं की लगेच स्टार्ट करू नका. बॅटरी अजून सुटीच असू द्या. सांडलेलं सगळं पुसा, गाडी सपाट जागी ठेवा, कॉक उघडा आणि पंधरा मिनिटं थांबा. प्रत्येक जोडावर आणि ओव्हरफ्लोच्या टोकाशी कोरडा पांढरा कागद टेकवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. कागद कोरडा राहिला तरच बॅटरी जोडा, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. पुसलेली कापडं कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, उघड्यावर पसरून वाळवा किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. काढलेलं जुनं पेट्रोल नाव लिहून बंद ठेवा आणि धोकादायक कचरा जिथे घेतात तिथे द्या, गटारात नाही.

अग्निशामक काम सुरू होण्याआधीच बाहेर आणून ठेवा. ड्राय पावडरचा ए-बी-सी चालतो. कार्बन डायऑक्साइडचाही पेट्रोलला चालतो, मात्र उघड्यावर वारा असला की त्याचा वायू लवकर उडून जातो. अग्निशामक गाडीला टेकवून ठेवू नका, काही पावलांवर, तुमच्या निघण्याच्या वाटेकडे ठेवा. आग लागली तर हाताशी असेल तरच कॉक बंद करा, पिन काढा आणि ज्वाळेच्या बुडाशी मारा. पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. पेटलेला डबा उचलून बाहेर टाकायला धावू नका, भाजण्याचे वाईट प्रकार तिथेच होतात. तो पाय आणि हात यांवर सांडतो. छोटा सिलिंडर काही सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात आग विझली नाही तर गाडी सोडा, माणसं लांब न्या, अग्निशमन दलाला बोलवा. कपड्यांवर पेट्रोल सांडलं असेल तर ते जागीच बदला आणि कातडी पाण्यानं धुवा, ‘वाळेल थोड्या वेळात’ म्हणत काम पुढे चालू ठेवू नका. कपडे पेटलेच तर पळू नका, जमिनीवर पडून लोळा.

पहिली फेरी लांबची नको. वीसएक मिनिटं चालवा, उघड्यावर थांबा, इंजिन बंद करा आणि तेच जोड पुन्हा पाहा. थंड असताना घट्ट वाटणारी गॅस्केट तापल्यावर पाझरू शकते. बेंड पाइपभोवती वाळकं गवत अडकलं असेल तर तेही काढा. गाडी आडवी झाली किंवा उलटली तर उभी करण्याआधी कॉक बंद करा, आणि ओव्हरफ्लो थांबून सांडलेलं उडून जाईपर्यंत स्टार्टरला हात लावू नका. ट्रेलरवर चढवताना कॉक बंद आणि बाउल रिकामा हवा. ट्रेलरच्या हादऱ्यांनी फ्लोट सतत नाचतो, नीडल क्षणोक्षणी उघडते, आणि कॉक उघडा राहिला असेल तर पोहोचेपर्यंत ट्रेलरभर पेट्रोल झालेलं असतं.